मराठीचे परदेशी पंतोजी : फादर थॉमस स्टीफन्स

बारामतीचे नाव निघाले की जुन्या पिढीतील शिकलेल्या माणसाला कऱ्हेचा काठ आणि मोरोपंत आठवतात. आर्या वृत्तात महाभारत रचणारे हे पंतकवी (१७२९–१७९४) मूळचे बारामतीचे नव्हते. त्यांचा जन्म पन्हाळगडावरचा. तारुण्यात ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाला बारामतीस आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. बाहेरून आलेला माणूस एखाद्या गावाच्या नावाशी कायमचा जोडला जातो, याचे हे आपल्या परिसरातले ठळक उदाहरण. मोरोपंतांच्या जन्माआधी तब्बल ११३ वर्षे आणखी एका परक्या माणसाचे मराठी महाकाव्य छापून निघाले होते, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. तो माणूस पन्हाळ्याहून नव्हे, इंग्लंडहून आला होता. त्याने मराठी आणि कोकणी शिकून घेतली, दुसऱ्यांना शिकवली, तिचे व्याकरण लिहिले आणि आयुष्याची चाळीस वर्षे तिच्याच सहवासात काढली. बारामती-इंदापूर भागातील आपल्या वाचकांना त्यांची ओळख व्हावी, म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे चरित्र.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडिलांचेही नाव थॉमसच. ते लंडनमधील व्यापारी होते. मुलगा वाढत होता तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांच्या दृष्टीने अत्यंत बिकट होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत कॅथलिक उपासना गुन्हा ठरली होती. मिस्सा चोरून व्हायची, धर्मगुरू वेष पालटून फिरायचे, आणि पकडला गेलेला माणूस कधी सुटेल याचा नेम नसे. अशा दिवसांत तरुण थॉमसची मैत्री थॉमस पाउंड या श्रीमंत गृहस्थाशी झाली. पाउंड पूर्वी राणीच्या दरबारात वावरलेले, पुढे तो थाट सोडून धर्माकडे वळलेले. स्टीफन्स त्यांचा नोकर असल्याचे सोंग घेऊन त्यांच्यासोबत हिंडत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचे ठरवले होते. ऐनवेळी पाउंड पकडले गेले आणि पुढे आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांना या ना त्या तुरुंगात काढावी लागली. स्टीफन्स एकटेच निघाले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये त्यांनी येशूसंघाच्या नवशिक्यांच्या मठात प्रवेश केला. तेथे गेल्यावरही ते मित्राला विसरले नाहीत. पाउंड यांना तुरुंगात असतानाच संघात सामावून घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि ती मान्य झाली.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पत्रांनी त्या काळी युरोपातील किती तरी तरुणांची मने पूर्वेकडे ओढली होती. स्टीफन्स यांनाही ती ओढ लागली. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. म्हणजे साडेसहा महिने समुद्रावर. उतरल्यावर तीन आठवडेही झाले नसतील, तोच १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. त्यात वारे आणि समुद्रप्रवाह आहेत, पक्षी आणि मासे आहेत, खलाशांची दिशा ठरवण्याची रीत आहे. जहाजावर हिरड्या सुजण्याचा रोग पसरला, दीडशेहून अधिक माणसे अंथरुणाला खिळली आणि सत्तावीस दगावली, हेही त्यात नोंदले आहे. जहाजावर पुष्कळ लहान मुले होती आणि ती मोठ्यांपेक्षा हा प्रवास अधिक सहज सोसतात, हे निरीक्षण वाचताना पत्र लिहिणाऱ्याच्या मायाळू नजरेची ओळख पटते. हे घरगुती पत्र १५८९ साली रिचर्ड हॅक्लुइट यांनी आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले. लंडनच्या व्यापाऱ्यांचे कुतूहल त्यामुळे वाढले, असे मानले जाते. पुढे १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. मुलाने वडिलांना लिहिलेल्या खुशालीच्या पत्राचा इतिहासात असा उपयोग होईल, हे स्टीफन्स यांच्या स्वप्नातही नसावे.

हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज. १५८० मध्ये त्यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक सासष्टीत झाली. सासष्टी म्हणजे मडगाव, राशोल, नावेली, कुंकळ्ळी हा दक्षिण गोव्याचा भाग. मधला थोडा काळ सोडला, तर त्यांचे सारे आयुष्य याच तालुक्यात गेले. मडगावच्या महाविद्यालयाचे ते रेक्टर होते. लोक त्यांना पोर्तुगीज वळणाने पाद्री एस्तेव्हांव म्हणत.

त्यांच्या वाट्याला आलेली सासष्टी सुखी नव्हती, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले होते. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या घरातील पुराणांच्या पोथ्या जप्त झाल्या होत्या, पुष्कळ कुटुंबे देवांच्या मूर्ती घेऊन नदीपलीकडे आदिलशाही मुलखात निघून गेली होती. स्टीफन्स आल्यावर चौथ्याच वर्षी, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले. त्यांत अकबर बादशहाच्या दरबारातून परतलेले फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा होते. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून घेतले आणि दगा देऊन मारले. स्वतःच्या मायदेशात धर्मासाठी छळ सोसलेला हा तरुण धर्मगुरू येथे छळ करणाऱ्या सत्तेच्या छत्राखाली काम करत होता. या विसंगतीबद्दल त्यांना मनात काय वाटले असेल, याचा आपण तर्कच करू शकतो. त्यांनी प्रत्यक्ष काय केले, ते मात्र दिसते. त्यांनी लोकांची भाषा शिकायला घेतली.

कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या रिचर्ड या भावाला पत्र लिहिले. योगायोग असा की गोव्यात पाऊल ठेवल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. या पत्रात त्यांनी येथील भाषांविषयी लिहिताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे : या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच कुळातल्या आहेत, हा सिद्धान्त सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांचे पत्र मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अप्रकाशित राहिले, त्यामुळे या शोधाचे श्रेय त्यांच्या वाट्याला आले नाही.

भाषा शिकण्याचे दोन मार्ग असतात. एक बाजारापुरती शिकण्याचा, दुसरा त्या भाषेत विचार करू लागण्याचा. स्टीफन्स यांनी दुसरा पत्करला. सामान्य माणसांच्या तोंडची कोकणी ते बोलू लागले, आणि त्याचबरोबर पोथ्यांची, पुराणांची मराठीही त्यांनी आत्मसात केली. ज्या काळात ते हे करत होते तो काळ मराठीच्या दृष्टीने फार मोठा. पैठणला संत एकनाथ हयात होते आणि १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. इकडे घाटावर इंदापूर परगणा निजामशाही-आदिलशाहीच्या ओढाताणीत सापडलेला होता. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे तेथेच धारातीर्थी पडले, असे परंपरा सांगते. नातवाने पुढे जिचे राज्यव्यवहारात मानाचे स्थान केले, त्या मराठीत घाटाखाली एक इंग्रज धर्मगुरू ओव्या रचण्याची तयारी करत होता.

त्याच सुमाराची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. हेर असल्याचा संशय, वर पाखंडी असल्याचा. परमुलखात त्यांच्या बाजूने बोलणारे कोण असणार? फादर स्टीफन्स धावले आणि त्यांच्या प्रयत्नाने हे लोक जामिनावर सुटले. त्यांचा धर्मपंथ वेगळा होता, आणि ज्या राजवटीमुळे स्टीफन्स यांनी देश सोडला तिचेच ते प्रजाजन होते, तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही. पुढे १६०८ च्या सुमारास पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी गोव्यात तुरुंगात पडला, तेव्हा त्यालाही या इंग्रज पाद्रींची मदत झाली. त्याने ती कृतज्ञतेने नोंदवून ठेवली आहे.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांसाठी रविवारी दुपारी धर्मशिक्षणाचे वर्ग भरत. ग्रंथाच्या आरंभीच स्टीफन्स यांनी अशा एका प्रसंगाची योजना केली आहे. वर्गातील एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ पाद्रींना विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत तशी दुसरी पुराणे आम्हाला का देत नाही? प्रश्न साधा, पण टोचणारा होता. ज्यांच्या घरातून पोथ्या गेल्या, त्यांची संध्याकाळ रिकामी झाली होती. पूर्वी आजोबा पोथी सांगत आणि नातवंडे ऐकत, ती घरातली जागा ओस पडली होती. ती प्रश्नोत्तरांच्या पुस्तकाने भरणारी नव्हती. हे ओळखणारा माणूस लोकांत मिसळलेला असला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. ते १६१६ साली राशोल येथील छापखान्यात छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्यात प्रभू येशूचे जन्म, जीवन, मरण आणि पुनरुत्थान. दोन्ही मिळून जवळजवळ ११,००० ओव्या आहेत. वृत्त ओवीचे, मांडणी पुराणाची, श्रोते आणि वक्ता यांचा संवादही आपल्या परंपरेतलाच. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ग्रंथारंभी नमन आहे, आणि मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या तर आजही शाळा-महाविद्यालयांतून सांगितल्या जातात. फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा एकेका जातीत जे सर्वश्रेष्ठ, तशी भाषांमध्ये मराठी, असा त्यांचा आशय. जन्माने मराठी नसलेल्या माणसाने लिहिलेले हे स्तवन मराठी माणूस विसरू शकलेला नाही.

त्यांच्या भाषेबद्दल थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण येथे त्यांच्यातला शिक्षक दिसतो. शुद्ध ग्रांथिक मराठी सासष्टीतल्या सर्वांना कळणार नाही, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी अवघड शब्द टाळले आणि कोकणी शब्द जागोजागी मिसळले. पंडितांनी वाहवा करावी यापेक्षा मागच्या बाकावरच्या माणसाला समजावे, ही त्यांची कसोटी. लहानांसाठी आणि अगदी साध्या माणसांसाठी त्यांनी कोकणीत ख्रिस्ती सिद्धान्तांचे प्रश्नोत्तररूप पुस्तक केले, ते त्यांच्या पश्चात १६२२ मध्ये राशोलला छापले गेले. आणि नव्याने येणाऱ्या धर्मगुरूंनी येथील भाषा शिकावी म्हणून पोर्तुगीजमध्ये कोकणीचे व्याकरण लिहिले. फादर दिओगो रिबेरो यांनी त्यात भर घातली, इतर येशूसंघीयांनी ते तपासले आणि १६४० साली ते प्रसिद्ध झाले. कोणत्याही भारतीय भाषेचे छापलेले हे पहिले व्याकरण मानले जाते. लोकांना लोकांची भाषा शिकवण्याची गरज नव्हती. गरज होती ती त्यांच्यासमोर उभे राहणाऱ्या पाद्रींना. स्टीफन्स हे त्या अर्थाने शिक्षकांचे शिक्षक होते.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. गोव्यात १५५६ पासून छापखाना होता, पण खिळे रोमन लिपीचे. मराठी ग्रंथ मराठी अक्षरांतच छापावा असे स्टीफन्स यांना वाटे. १६०८ साली त्यांनी रोमला संघप्रमुखांकडे तशी विनंती केली. जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरता या लिपीला सुमारे सहाशे साचे लागतात, ते युक्तीने दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. लिपीचा इतका बारकाईने विचार केलेला हा माणूस! परंतु ते खिळे काही पडले नाहीत आणि मराठीतले हे महाकाव्य रोमन अक्षरांत छापावे लागले. योगायोगाने, तुकोबांचा जन्मही अभ्यासक साधारण १६०८ च्याच सुमारास मानतात, तोही आपल्याच पुणे जिल्ह्यात, देहूला.

ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाल्यावर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी सासष्टीच्या भूमीतच देह ठेवला. वय सत्तरच्या आसपास होते. इंग्लंड त्यांनी पुन्हा कधी पाहिले नाही. स्वतःचे मूलबाळ नसलेल्या या गुरूची परंपरा त्यांच्यामागे चालली. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने संत पेत्रावर ओवीबद्ध पुराण रचले, ते १६२९ ते १६३४ या काळात छापले गेले. स्टीफन्स यांच्या पुराणाच्याही १६४९ आणि १६५४ साली आवृत्त्या निघाल्या.

मग वारे फिरले. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी हुकूम काढला, की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. स्टीफन्स यांनी चाळीस वर्षे जे उभारले त्याच्या मुळावरच हा घाव होता. ख्रिस्तपुराणाच्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुस्तक छापले जाते ते टिकावे म्हणून, पण येथे टिकले ते हाताने लिहिलेले. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूरच्या बाजूला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी या पुराणाच्या नकला सोबत नेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परमुलखात कानडी आणि तुळू बोलणाऱ्या शेजाऱ्यांत राहून त्यांनी ही ओवी जिवंत ठेवली. एका स्थलांतरिताचे पुस्तक दुसऱ्या स्थलांतरितांनी वाचवले, असे म्हणायला हरकत नाही.

अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ख्रिस्तपुराण पुन्हा छापले, तेही रोमन लिपीतच. पुढे १९२५ च्या सुमारास जस्टिन अ‍ॅबट यांचे लक्ष लंडनमधील एका हस्तलिखिताकडे गेले. मार्सडन संग्रहातील ती प्रत देवनागरीत होती. अ‍ॅबट स्वतः अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी आणि मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक. एका कॅथलिक येशूसंघीयाच्या ग्रंथासाठी त्यांनी घेतलेले श्रम आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजेत.

संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरी अक्षरांत छापून निघाले ते १९५६ साली, आणि ते आपल्या पुण्यात. प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी ते संपादित केले. १६०८ मध्ये जी विनंती रोमला गेली होती, ती ३४८ वर्षांनी एका मराठी प्राध्यापकाने पूर्ण केली. बंडेलू ख्रिस्ती नव्हते. भाषेच्या प्रेमापोटी त्यांनी हे काम अंगावर घेतले. त्यानंतर १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून निघाली, आणि सेलेशियन धर्मगुरू डॉ. नेल्सन फलकाव यांनी ग्रंथाचा सखोल अभ्यास करून तो आजच्या मराठीत वाचकांपुढे ठेवला. गोव्यात पर्वरी येथे १९८६ पासून थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र भाषा-संशोधनाचे काम करते. संस्थेला नाव द्यायचे झाले तेव्हा येशूसंघीयांना दुसरे कोणाचे नाव सुचण्याचे कारणही नव्हते.

ख्रिस्तपुराण प्रथमच हातात घेणाऱ्या वाचकाने भाषा जुनी म्हणून बिचकू नये. मोरोपंतांच्या समासप्रचुर आर्यांपेक्षा ही ओवी कितीतरी सोपी जाते, हा अनुभवाचा भाग आहे. काना येथील लग्नाचा किंवा प्रभुजन्माचा प्रसंग काढावा आणि मोठ्याने वाचावा. पहिल्या पाच-दहा ओव्यांत जीभ अडखळते, मग चाल सापडते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाच वाचायला सांगावे. मुले शेजारी येऊन बसतात.